प्रतिकृती-वाहनांवरील 'वॉश' व 'मॅट वार्निश' : पृष्ठभागाचा इतिहास आणि इतिहासाचा पुरावा

सारांश

प्लास्टिकच्या प्रतिकृती-वाहनांवर मूळ रंगकाम झाल्यानंतर दिला जाणारा पातळ रंगाचा 'वॉश' आणि त्यावरील चमकविरहित म्हणजेच 'मॅट' वार्निश या दोन थरांच्या विकासाचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. हे थर वरवर पाहता छंदातील तांत्रिक बाब वाटत असले तरी त्यांच्या स्वीकारामागे युद्धकालीन रंगधोरण, चित्रपटांतील लघुप्रतिकृती आणि प्लास्टिक संचांचा उद्योग असे तीन स्वतंत्र प्रवाह आढळतात. या थरांमुळे प्रतिकृती ही वस्तूच्या आकाराबरोबरच तिच्या वापराविषयीही विधान करू लागली. त्या विधानाला पुराव्याचा आधार कितपत असतो, हा निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : प्रतिकृती, वॉश, मॅट वार्निश, दुसरे महायुद्ध, भौतिक संस्कृती, ऐतिहासिक पुरावा.

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना कागदपत्रे, शिलालेख, नाणी, वास्तू व चित्रे यांना प्राधान्य मिळते. मूळ वस्तूवरून नंतरच्या काळात तयार केलेली प्रतिकृती ही दुय्यम बाब मानली जाते आणि ते एका अर्थाने योग्यही आहे. तथापि विसाव्या शतकातील युद्धांचे दृश्य स्वरूप सामान्य माणसाच्या मनात ज्या माध्यमांनी निर्माण केले, त्यांत छायाचित्र व चित्रपट यांच्याबरोबर प्लास्टिकच्या प्रतिकृतींचाही वाटा आहे. ज्याने प्रत्यक्ष 'टायगर' रणगाडा कधी पाहिला नाही, अशा असंख्य व्यक्तींनी तो आपल्या हातांनी जोडला, रंगविला व मेजावर ठेवला आहे. त्यांच्या दृष्टीने त्या रणगाड्याचा इतिहास हा बव्हंशी त्याच्या पृष्ठभागाचा इतिहास असतो. तो कोणत्या रंगाचा होता, किती मळलेला होता आणि कोठे गंजला होता, हे प्रश्न त्यांना प्रथम पडतात.

या प्रश्नांची उत्तरे प्रतिकृतीवर ज्या दोन थरांनी दिली जातात, ते म्हणजे वॉश व मॅट वार्निश. त्यांचे कार्य, त्यांचा ऐतिहासिक उगम आणि त्यांची पुरावा म्हणून असलेली मर्यादा या क्रमाने पुढील विवेचन केले आहे.

१. वॉश व मॅट वार्निश : संकल्पना आणि कार्य

'वॉश' हा शब्द कलाशिक्षणाच्या क्षेत्रात नवा नाही. युरोपीय जलरंगचित्रणात पातळ केलेल्या रंगाच्या सपाट लेपनास हा शब्द वापरला जातो. लष्करी शिक्षणाशीही त्याचा जुना संबंध आहे. इंग्लंडमधील वुलिच येथील रॉयल मिलिटरी अकादमीत पॉल सँडबी या जलरंगचित्रकाराची १७६८ मध्ये चित्रकलेचा मुख्य शिक्षक म्हणून नेमणूक झाली होती. भूप्रदेशाचे चित्र रेखाटून त्यावर पातळ रंग चढविणे हे त्या काळी लष्करी अधिकाऱ्याचे व्यावसायिक कौशल्य समजले जात असे. भारतात हा शब्द बंगाल शैलीमुळे रूढ झाला. योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार १९०३ मध्ये कोलकात्यास आले आणि त्यांच्या सहवासातून अवनींद्रनाथ टागोरांनी आपली वॉश पद्धती विकसित केली.

प्रतिकृतीवरील वॉशचे कार्य मात्र याहून वेगळे आहे. बंगाल शैलीतील वॉश आकृत्यांच्या कडा विरघळवून चित्राला धूसर एकात्मता देतो. प्रतिकृतीवरील वॉश कडा स्पष्ट करतो. इनॅमल किंवा तैलरंग पांढऱ्या स्पिरिटमध्ये अथवा टर्पेंटाईनमध्ये अतिशय पातळ केला जातो. तो पृष्ठभागावर सोडला की केशाकर्षणामुळे खाचांत, पत्र्यांच्या सांध्यांत आणि रिव्हेटच्या भोवती ओढला जातो. द्रावक उडून गेल्यावर तेथे गडद रंगद्रव्य शिल्लक राहते. उंचवट्यांवरील अतिरिक्त रंग स्वच्छ कुंचल्याने पुसून घेतला जातो. परिणामी प्रत्येक खाच सावलीत असल्यासारखी दिसते.

ही कृत्रिम सावली का द्यावी लागते, हे प्रमाणाच्या दृष्टीने समजून घेतले पाहिजे. 'टायगर' रणगाड्याची तोफेसह लांबी ८.४५ मीटर होती. १:३५ प्रमाणात ती सुमारे २४ सेंटिमीटर भरते. प्रत्यक्ष वाहनावरील ३५ मिलिमीटर रुंदीची खाच येथे केवळ १ मिलिमीटरची होते. उघड्या मैदानातील सूर्यप्रकाश अशा खाचेत तीक्ष्ण सावली पाडतो. खोलीतील दिव्यांचा प्रकाश मात्र अनेक दिशांनी येत असल्याने प्रतिकृतीवरील सावली पुसट होते आणि आकार सपाट भासतो. रंगाच्या थराचेही असेच आहे. प्रत्यक्ष वाहनावरील रंगाचा थर १०० मायक्रॉन मानला, तर १:३५ प्रमाणात तो ३ मायक्रॉनहून कमी असावयास हवा. कुंचल्याने किंवा एअरब्रशने दिलेला कोणताही थर इतका पातळ नसतो. म्हणजे प्रतिकृतीचा आकार प्रमाणात लहान करता येतो, परंतु प्रकाश व रंगद्रव्य ही प्रमाणात लहान होत नाहीत. वॉश ही या अडचणीवर काढलेली तोड आहे.

मॅट वार्निशचे कार्य याला पूरक आहे. चकचकीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परावर्तित करतो. मॅट वार्निशमध्ये सामान्यतः सिलिकाची अतिसूक्ष्म पूड मिसळलेली असते. वार्निश सुकल्यावर ही पूड पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत करते व त्यावर पडणारा प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. प्रतिकृतीवर दिव्याचे प्रतिबिंब दिसले की तिचा लहानपणा तत्काळ उघड होतो. मॅट वार्निश ही खूण पुसते आणि त्याखालील रंग, चिन्हे व वॉश यांचे संरक्षणही करते.

येथे कामाच्या क्रमास विशेष महत्त्व आहे. मूळ रंगावर प्रथम चकचकीत वार्निश दिले जाते. डिकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे गुळगुळीत पृष्ठभागावर नीट बसतात. खडबडीत पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतो. वॉशही गुळगुळीत पृष्ठभागावरच खाचांकडे वाहतो आणि खडबडीत पृष्ठभागावर जागच्या जागी पसरून डाग पाडतो. खालचा थर ऍक्रिलिक असेल व तो पूर्ण सुकला असेल, तर स्पिरिटमधील वॉश त्याला विरघळवीत नाही. यानंतर शेवटी मॅट वार्निश येते. ते गडद रंगांना किंचित फिके करते, त्यामुळे वॉश देताना ही घट गृहीत धरावी लागते. बाटली नीट ढवळली नाही तर तळाशी बसलेली पूड थरात असमान येते आणि कोठे चमक, तर कोठे पांढुरकी छटा उमटते. दमट हवेत फवारलेल्या वार्निशावरही असा पांढुरका थर येतो. मुंबई व कोकणातील पावसाळी हवेत काम करणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

२. चकाकीचा कालखंड

प्रतिकृतींच्या इतिहासात चमकविरहित पृष्ठभाग ही अलीकडची गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय जहाजबांधणी कंपन्या आपल्या जहाजांच्या ज्या प्रतिकृती करवून घेत, त्यांवर झिलईदार रंग आणि सोन्या-चांदीचा मुलामा दिलेले धातूचे भाग असत. ग्राहकाला नव्या जहाजाची भव्यता दाखविणे हा त्यांचा हेतू होता. जर्मनीत तयार होणाऱ्या पत्र्याच्या खेळण्यांवर चकचकीत छपाई असे. इंग्लंडमधील मेकॅनो कंपनीची ओतीव धातूची वाहने १९३४ पासून 'डिंकी टॉइज' या नावाने विकली जाऊ लागली. त्यांवरील इनॅमलही सामान्यतः चकाकणारे होते.

या सर्व वस्तू वाहनाचे जे रूप दाखवीत, ते कारखान्याच्या दारातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, कोणीही न वापरलेल्या वाहनाचे होते. त्यांच्या पृष्ठभागाला काळाचा स्पर्श नव्हता. विक्रीयोग्य वस्तू म्हणून वाहनाकडे पाहण्याची ही दृष्टी होती. प्लास्टिक प्रतिकृतींचा प्रारंभही याच दृष्टीने झाला. निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये स्थापन केलेल्या एअरफिक्स कंपनीने १९४९ च्या सुमारास फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्लास्टिक प्रतिकृती तयार केली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींच्या उपयोगासाठी. ती पुढे सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने सर्वसामान्यांस विकण्यात आली.

३. युद्ध आणि चमकविरहित पृष्ठभाग

चमक नाहीशी करण्याची गरज प्रथम प्रत्यक्ष वाहनांना भासली. चकाकणारा पत्रा दुरून व विमानातून सहज दिसतो. अमेरिकी सैन्यातील वाहने दुसऱ्या महायुद्धापूर्वी चकचकीत ऑलिव्ह ड्रॅब रंगाची होती. १९४० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्यासाठी 'लस्टरलेस' म्हणजे चमकविरहित ऑलिव्ह ड्रॅब ठरविण्यात आला. युद्धानंतरच्या शांतताकाळात वाहनांवर काहीशी चमक पुन्हा अवतरली. यावरून पृष्ठभागाची चमक ही त्या काळातील सैन्याच्या स्थितीची निदर्शक होती, असे म्हणता येते. शांततेच्या काळात संचलनास शोभणारी चमक आवश्यक वाटते व रणांगणावर तीच घातक ठरते.

जर्मन सैन्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. युद्धाच्या पहिल्या टप्प्यात जर्मन रणगाडे गडद करड्या रंगाचे होते. १९४१-४२ च्या रशियातील हिवाळ्यात त्यांवर घाईघाईने पांढरा चुनकळीसारखा धुऊन जाणारा रंग फासण्यात आला. तो पावसाने, घर्षणाने व सैनिकांच्या हातापायांनी निघत गेला आणि खालचा करडा रंग डोकावू लागला. फेब्रुवारी १९४३ मध्ये मूळ रंग बदलून गडद पिवळा करण्याचा आदेश निघाला. तुकड्यांना ऑलिव्ह हिरव्या व तांबूस तपकिरी रंगाची घट्ट लुकणी पुरविण्यात येई. ती पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून सैनिकांनीच वाहनावर पट्टे ओढावयाचे असत. पेट्रोलमध्ये पातळ केलेला रंग अधिक टिके, पाण्यातील रंग लवकर धुऊन जाई. पेट्रोलची टंचाई वाढत गेली, तसा या निवडीवरही परिणाम होणे स्वाभाविक होते.

म्हणजे प्रत्यक्ष वाहनाचा पृष्ठभागही एकसंध नव्हता. कारखान्याचा रंग, आघाडीवरील सैनिकांनी पातळ करून फासलेला रंग, चिखल, धूळ, सांडलेले तेल व घर्षण असे थर त्यावर काळाच्या क्रमाने साचले होते. पुरातत्त्वज्ञ उत्खननात ज्याप्रमाणे स्तर वाचतो, त्याप्रमाणे हे थर वाचता येतात. पुढील काळातील प्रतिकृतीकारांनी नेमके हेच करण्याचा प्रयत्न केला.

युद्धकाळात प्रतिकृतींचा प्रशिक्षणासाठी उपयोग झाला, हेही येथे नोंदविणे आवश्यक आहे. अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये शालेय विद्यार्थ्यांकडून १:७२ प्रमाणातील विमानांच्या ५,००,००० प्रतिकृती तयार करून घेण्याची योजना आखली. या प्रतिकृती काळ्या रंगविल्या जात. आपले व शत्रूचे विमान केवळ बाह्याकृतीवरून ओळखता यावे, हा त्यांचा हेतू होता. तेथे पृष्ठभागाला काही सांगावयाचे नव्हते. पृष्ठभाग बोलू लागला तो युद्धानंतर, जेव्हा प्रतिकृतीचे कार्य ओळख पटविण्याऐवजी स्मरण जागविण्याचे झाले.

४. प्लास्टिक संच, चित्रपट आणि मळलेला पृष्ठभाग

युद्धोत्तर काळात रणगाड्यांच्या प्लास्टिक संचांना गती देण्याचे मोठे श्रेय जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीकडे जाते. लाकूड-व्यवसायातून उभ्या राहिलेल्या या कंपनीने १९६१ मध्ये जर्मन 'पँथर' रणगाड्याचा विजेच्या मोटारीवर चालणारा संच काढला. आत विद्युतघट व मोटार बसावी म्हणून प्रतिकृतीचा आकार निश्चित केला गेला आणि तो सुमारे १:३५ भरला. पुढे हेच प्रमाण जगभर रूढ झाले. १९६८ मध्ये सुरू झालेल्या 'मिलिटरी मिनिएचर' मालिकेमुळे याच प्रमाणातील सैनिक, दारूगोळा व लहान वाहने उपलब्ध झाली. इंग्लंडमध्ये १९१९ साली हंबर ऑइल कंपनी म्हणून स्थापन झालेल्या हंब्रोलच्या लहान डब्यांतील इनॅमल रंगांमुळे मॅट रंग घरगुती छंदकारांच्या आवाक्यात आले. अमेरिकेत टेस्टर्स कंपनीचे 'डलकोट' हे चमकविरहित लॅकर याच कामासाठी परिचित झाले.

तथापि संच व रंग उपलब्ध होणे आणि प्रतिकृती मळवून दाखविण्याची इच्छा निर्माण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीमागे चित्रपट व दूरचित्रवाणीचा प्रभाव दिसतो. ब्रिटनमधील 'थंडरबर्ड्स' (१९६५-६६) या कठपुतळ्यांच्या मालिकेत विशेष दृश्यांचे दिग्दर्शक डेरेक मेडिंग्ज यांनी स्लाऊ येथील स्टुडिओत लघुप्रतिकृती मुद्दाम मळवून वापरल्या. कॅमेरा जवळ गेला की स्वच्छ प्रतिकृती खेळणे वाटते. धूर, तेल व घासल्याच्या खुणा दिसल्या की प्रेक्षकाची नजर तिला मोठी व वजनदार मानते, हा त्यामागील अनुभव होता. 'स्टार वॉर्स' (१९७७) या चित्रपटासाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या व इतर संचांचे भाग अवकाशयानांवर बसविले आणि त्यांवर डाग, काजळी व झीज रंगविली. भविष्यकाळातील यंत्रेही जुनी व वापरलेली असू शकतात, ही कल्पना या चित्रपटामुळे लोकप्रिय झाली.

या घडामोडीतील एक बाब इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावयास हवी. काल्पनिक यानाला विश्वसनीयता देण्यासाठी झिजेचा उपयोग करण्यात आला. त्या यानाला भूतकाळ नव्हता, तरी मळ लावल्याने त्याला भूतकाळ प्राप्त झाल्याचा भास झाला. म्हणजेच झीज हा काळाचा परिणाम असतो, तसाच तो काळाचा आभास निर्माण करणारा संकेतही ठरू शकतो.

५. तंत्राचे संहितीकरण

१९७० व १९८० च्या दशकांत हे तंत्र ग्रंथबद्ध झाले. अमेरिकेतील शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या संचांबरोबर दिल्या जाणाऱ्या पत्रकांतून आपली देखावायुक्त मांडणी लोकप्रिय केली. डायोरामा या विषयावरील त्यांचे पुस्तक १९८० मध्ये आणि रणगाडे व लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींवरील पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. वॉशबरोबरच 'ड्रायब्रशिंग' म्हणजे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका रंग घासण्याची पद्धत या काळात सर्वमान्य झाली. पेन यांच्या मांडणीत वाहन हे एखाद्या प्रसंगाचा भाग असे आणि त्याची झीज त्या प्रसंगातून उद्भवत असे. बेल्जियममधील फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी गडद वॉश व ठळक ड्रायब्रशिंग यांची एक सहज ओळखू येणारी शैली रूढ केली.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी स्पेन हे या कलेचे महत्त्वाचे केंद्र बनले. मिग हिमेनेझ यांच्यासारख्या प्रतिकृतीकारांनी वॉशचे प्रकार वेगळे केले. केवळ खाचांत सोडावयाचा वॉश, संपूर्ण पृष्ठभागाची छटा बदलणारा अतिपातळ 'फिल्टर', पावसाच्या ओघळांसाठीचे मिश्रण व धुळीसाठीची कोरडी रंगपूड असे हे प्रकार होत. तयार वॉशच्या बाटल्या बाजारात आल्या. युद्धखेळांतील लहान पुतळ्यांच्या क्षेत्रातही गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने २००९ मध्ये पाण्यात मिसळणाऱ्या वॉशची मालिका काढली.

या संहितीकरणाचे दोन परिणाम झाले. कौशल्य सुलभ झाले, हा पहिला. पूर्वी प्रत्येकाने तैलरंगाच्या नळीतून स्वतः तयार केलेले मिश्रण आता बाटलीवर 'जर्मन गडद पिवळ्या वाहनांसाठी' अशा नावाने मिळू लागले. दुसरा परिणाम असा की, छटा निवडण्याचा निर्णय छंदकाराकडून उत्पादकाकडे सरकला. विशिष्ट वाहन कोठे व किती काळ वापरले गेले, हा प्रश्न विचारण्याची निकड त्यामुळे कमी झाली.

६. वार्निशाचा दुहेरी स्वभाव

वार्निश संरक्षण करते आणि दृश्यही बदलते, हा अनुभव कलेच्या इतिहासात अनेकदा आला आहे. फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकारांपैकी कामीय पिसारो यांनी आपल्या एका निसर्गचित्राच्या मागील बाजूस, हे चित्र वार्निश करू नये, अशी विनंती लिहून ठेवली होती. चमकदार थरामुळे आपल्या रंगांतील परस्परसंबंध बिघडतील, ही त्यामागील काळजी होती.

मराठी वाचकांस या प्रश्नाचे अधिक जवळचे उदाहरण अजिंठ्याचे आहे. हैदराबाद संस्थानच्या निमंत्रणावरून चेक्कोनी व ओर्सिनी हे इटालियन जतनतज्ज्ञ १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्यास आले. भित्तिचित्रांचे सुटू पाहणारे भाग पक्के करण्याचे त्यांचे काम मोलाचे होते. परंतु चित्रांवर दिलेला लाखेच्या वार्निशाचा थर कालांतराने पिवळा व काळपट पडला आणि मूळ रंग त्याखाली झाकोळले. तो थर काळजीपूर्वक काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागास पुढे दीर्घकाळ करावे लागले. मधल्या काळात ज्यांनी अजिंठा पाहिला, त्यांनी अंशतः त्या वार्निशाचा रंग पाहिला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

अजिंठ्याची भित्तिचित्रे व छंदकाराची प्रतिकृती यांच्या मोलाची तुलना येथे अभिप्रेत नाही. मुद्दा एवढाच की, शेवटचा पारदर्शक थर आपण गृहीत धरतो आणि त्यातूनच मूळ वस्तू पाहतो. प्रतिकृतीवरील मॅट वार्निश हाही असाच थर आहे. ते पत्रा, रबर, कातडे, लाकूड व चिखल या सर्वांना एकसारखा कोरडेपणा देते. प्रत्यक्षात ओला चिखल चकाकतो, इंजिनाभोवतीचे तेल चकाकते, सतत घासला जाणारा पट्ट्याचा दुवा चकाकतो. जाणकार प्रतिकृतीकार म्हणूनच मॅट वार्निशानंतर अशा जागी चमक पुन्हा आणतात. तरीही भूतकाळ म्हणजे काहीतरी धूसर व निस्तेज, ही सर्वसाधारण कल्पना या थराने दृढ केली आहे. तिला युद्धकालीन कृष्णधवल छायाचित्रांचीही जोड मिळाली आहे.

७. पुरावा की संकेत?

प्रतिकृतीकाराजवळ पृष्ठभागाविषयी मुख्यतः तीन प्रकारची साधने असतात : रंगासंबंधीचे लष्करी आदेश, तत्कालीन छायाचित्रे व संग्रहालयांतील वाहने. आदेशावरून काय करावयास सांगितले होते ते कळते. आघाडीवर प्रत्यक्षात काय झाले, ते त्यावरून निश्चित होत नाही. कृष्णधवल छायाचित्रात धूळ, ओघळ व रंगाचे टवके दिसतात, परंतु छटा दिसत नाही. संग्रहालयातील वाहने बहुधा पुन्हा रंगविलेली असतात. १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी हस्तगत केलेला व सध्या इंग्लंडमधील बोव्हिंग्टन येथील संग्रहालयात असलेला 'टायगर १३१' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयातील उघड्यावर मांडलेल्या वाहनांकडे पाहतानाही हे भान ठेवावे लागते. ऊन-पावसापासून जपण्यासाठी अशा वाहनांना वेळोवेळी नवा रंग द्यावाच लागतो आणि प्रत्येक नवा हात मूळ पृष्ठभागाला अधिक खोल गाडतो.

या साधनांच्या मर्यादेमुळे जी पोकळी राहते, ती प्रतिकृतीकार बहुधा इतर प्रतिकृती पाहून भरून काढतात. गंजाचे उदाहरण घेता येईल. दुसऱ्या महायुद्धातील अनेक रणगाडे आघाडीवर पोहोचल्यानंतर काही आठवड्यांतच नष्ट झाले. इतक्या अल्पकाळात गंजरोधक अस्तर दिलेल्या जाड पोलादावर खोल तांबूस ओघळ येणे कठीण आहे. तशी झीज युद्धानंतर दशकानुदशके माळावर पडून राहिलेल्या सांगाड्यांवर दिसते. प्रतिकृतींवर मात्र चालू स्थितीतील वाहनही अनेकदा अशा गंजाने भरलेले असते. येथे दोन वेगळ्या काळांचे पुरावे एका वस्तूवर एकत्र आले आहेत. एका प्रतिकृतीकाराने दिलेली छटा दुसऱ्याने उचलली, स्पर्धेत तिची प्रशंसा झाली, पुस्तकात तिचे छायाचित्र आले आणि ती प्रमाण ठरली. लिखित साधनांच्या बाबतीत एका बखरीतील मजकूर दुसऱ्या बखरीत उतरून पुढे 'अनेक साधनांचा आधार' म्हणून दाखविला जातो, त्यासारखीच ही प्रक्रिया आहे.

याला एक नैतिक बाजूही आहे. वॉशमुळे चिखल सुंदर दिसतो व काजळीला कलात्मकता येते. ज्या वाहनात माणसे होरपळून मेली, त्याच्या चिलखतावरील झीज कौतुकाचा विषय होते आणि त्या माणसांचा उल्लेख होत नाही. हा दोष प्रतिकृतीकलेवर सरसकट लादता येणार नाही. पेन यांच्यासारख्यांनी प्रसंगातील माणसाला केंद्रस्थानी ठेवून त्याला उत्तर दिले आहे. तरीही वस्तूची झीज अत्यंत बारकाईने दाखविणे आणि माणसाची हानी वगळणे यांतील विसंगती अभ्यासकाने दृष्टिआड करू नये.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) प्रतिकृती-वाहनांवरील चमकविरहित पृष्ठभागाचे मूळ प्रत्यक्ष युद्धवाहनांच्या रंगधोरणात आहे. त्याच्या प्रसारास प्लास्टिक संच, मॅट रंगांची उपलब्धता व चित्रपटांतील लघुप्रतिकृती कारणीभूत झाल्या.

(२) वॉश व मॅट वार्निश यांची आवश्यकता प्रमाणाच्या प्रश्नातून उद्भवते. आकार लहान करता येतो, पण प्रकाशाचे वर्तन व रंगाच्या थराची जाडी त्या प्रमाणात कमी करता येत नाही. त्यामुळे या थरांना निव्वळ सजावट म्हणता येणार नाही.

(३) या थरांमुळे प्रतिकृती 'हे वाहन असे होते' या विधानाकडून 'या वाहनाचे असे झाले' या विधानाकडे वळली. दुसरे विधान ऐतिहासिक स्वरूपाचे आहे आणि म्हणून त्याला स्थळ, काळ व पुरावा यांची अपेक्षा असते.

(४) तंत्र जसजसे सुलभ व प्रमाणित होत गेले, तसतशी ही अपेक्षा मागे पडून झीज हा एक संकेत बनण्याची प्रवृत्ती वाढली.

या संदर्भात जतनशास्त्रातील एक तत्त्व मार्गदर्शक ठरू शकते. रोम येथे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय जतनसंस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या नेतृत्वाखाली चित्रांतील नष्ट भाग बारीक उभ्या रेषांनी भरण्याची पद्धत विकसित झाली. दुरून चित्र अखंड दिसते, पण जवळून पाहणाऱ्यास मूळ भाग कोणता व भर कोणती हे स्पष्ट कळते. प्रतिकृतीच्या पृष्ठभागावर असा भेद दाखविणे शक्य नाही, कारण मॅट वार्निश सर्व थर एकजीव करते. तो भेद शब्दांत नोंदविणे मात्र शक्य आहे. महाविद्यालयीन प्रदर्शनात किंवा संग्रहालयात प्रतिकृती मांडताना वाहनाची तुकडी, स्थळ व महिना, आधारभूत छायाचित्र आणि कल्पनेने भरलेले भाग यांची चार ओळींची नोंद शेजारी ठेवली, तर इतिहासाच्या विद्यार्थ्यास साधनचिकित्सेचा एक सोपा पाठ त्यातून मिळेल. ज्ञात व अनुमानित यांतील सीमारेषा स्पष्ट ठेवणे हे इतिहासलेखनाचे मूलभूत बंधन आहे आणि २४ सेंटिमीटरच्या रणगाड्यालाही ते लागू पडते.